केरसुणीचा मान

समस्त ग्रामस्थ, माहेरवाशिणी, बाहेरगावची पाहुणेमंडळी आणि मंडपामागं उभं राहून तंबाखू मळणारे सज्जन, सर्वांनी कृपया इकडं लक्ष द्या. अत्यंत गंभीर आणि महत्त्वाची सूचना आहे. आपल्या गावातल्या एका इसमानं भैरोबाची अब्रू वाचवण्यासाठी स्वतःच्या बायकोचा जीव धोक्यात घातला. भैरोबानं त्याला असं काही करायला सांगितलं नव्हतं. सदर इसमाचा शोध घेण्याची गरज नाही, कारण तोच आपल्याशी बोलतो आहे.

डिंगोऱ्याच्या पुढं आत वळलं की आमचं गाव लागतं. तिथल्या यात्रेत बावीस वर्षं माइक माझ्या हातात आहे. कुणाची चप्पल हरवली, कुणाची सासू हरवली, कुस्त्या किती वाजता, महाप्रसादाला ताट आपापलं आणावं, हे सगळं मी सांगतो, आणि नुसतं सांगत नाही, रंगवून सांगतो. सासू हरवल्याची सूचना देताना मी असा काही गळा काढतो, की सापडलेल्या सासवासुद्धा पुन्हा हरवायला तयार होतात. लोक हसतात. खांबाला टेकून बसलेली माझी बायको सुमन मात्र हसत नसे. ती मान हलवायची, आणि घरी गेल्यावर सांगायची, "आज दुसरा इनोद पडला." तिचा निकाल लागल्याशिवाय मला जेवण जात नसे.

आता मानाचं सांगतो. यात्रेत प्रत्येक घराण्याचा एक मान असतो. कुणाला पालखीच्या पुढच्या दांडीचा, कुणाला छत्राचा, कुणाला पहिल्या नारळाचा. हे मान वाटले तेव्हा आमचे पूर्वज बहुधा उशिरा पोचले असावेत, कारण आमच्या वाट्याला केरसुणीचा मान आला. देवळाच्या शिखराच्या पोटात एक पोकळी आहे. शिडी लावून वर चढायचं, भिंतीतल्या चौकोनी झरोक्यातून आत शिरायचं, आणि वर्षभर तिथं राहिलेल्या पारव्यांनी जे काही केलं असेल ते झाडून पोत्यात भरायचं. हे काम उपाशीपोटी, मुक्यानं आणि नव्या केरसुणीनं करायचं. आत पाणी मारायचं नाही, कारण घाणेरडं पाणी झिरपून खाली देवाच्या डोक्यावर पडेल. तोंडाला फडकं बांधायचं नाही, कारण देवापुढं तोंड कसलं लपवता? मी माइकवर असायचो, म्हणून हा मान लग्न होऊन आल्यापासून सुमननं सांभाळला. झरोक्यातून बाहेर आली की ती पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखी दिसायची. मी खालून ओरडायचो, "भस्म लावून कोण जोगीण आली वो?" बायका हसायच्या. ती मुक्याचं व्रत मोडून मला हळूच एक शिवी द्यायची.

त्या वर्षी थर दुप्पट होता. आदल्या वर्षी ऐन यात्रेत सुमनची आई गेली आणि सुतकामुळं झाडलोट राहिली होती. सुमन दोन तास आत होती. त्यानंतर पंधरा दिवस खोकत होती. मग खोकला थांबला आणि आम्ही तो विसरलो. निदान मी विसरलो असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो.

टोमॅटोची लागवड चालू असताना तिचं डोकं दुखायला लागलं. आधी आम्ही पित्त म्हणालो, मग चष्म्याचा नंबर म्हणालो, मग तिच्या भावाला म्हणालो की तुझ्या बहिणीला कामाचा कंटाळा आलाय. घोडेगावच्या वरच्या अंगाला तिचं माहेर आहे. तिथून भाऊ बामची बाटली घेऊन आला. ती बाटली संपली तरी डोकं तसंच. मग उलट्या सुरू झाल्या. एके दिवशी भाकरी थापता थापता ती माझ्याकडं बघत राहिली आणि म्हणाली, "अहो, तुमी दोन दिसताय. एकच सोसवत न्हाई, आन् आता दोन." मी पोट धरून हसलो. त्या हसण्याची मला आजही शरम वाटते. तिला खरोखरच दोन दिसत होते.

आधी तालुक्याच्या ठिकाणी दाखवलं. तिथं मेंदूचा टीबी असावा असं ठरलं आणि त्या गोळ्या सुरू झाल्या, सोबत सूज उतरायच्या. चार दिवस ती उठून बसली, चहा मागितला. मी गावात फोन करून सगळ्यांना सांगितलं की भैरोबानं हाक ऐकली. पाचव्या दिवशी तिला फीट आली. पुण्याला नेताना नारायणगावच्या पुढं रुग्णवाहिकेत तिचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. खड्डा आला की दोन्ही हातांनी ते घट्ट धरायचो.

पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून विचारलं. साखर आहे का? नाही. आधी कसलं मोठं आजारपण? नाही. एड्सची तपासणी झाली, ती निर्मळ निघाली. मग पुन्हा केली आणि तीही निर्मळ निघाली. तोवर गावात कुणीतरी कंडी पिकवलीच होती की माइकवाल्यानं यात्रा-तमाशांतून काहीतरी घरी आणलं. सुमन शुद्धीत असायची तेवढ्या वेळात माझ्याकडं बघायची. काही विचारायची नाही, आणि ते न विचारणं मला विचारण्यापेक्षा जास्त लागायचं. डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "काका, यांची प्रतिकारशक्ती ठणठणीत आहे. म्हणूनच कोडं आहे. नीट आठवून सांगा. गेल्या वर्षभरात कुठं जुनी बंद जागा साफ केली? खूप धूळ नाकात गेली? पक्षी, प्राणी, काही?"

मी हात जोडून, चेहरा अगदी भाबडा करून म्हणालो, "नाही हो ताई. आपलं शेत आणि घर."

हे मी खोटं बोललो, आणि विसरलो म्हणून नाही. त्यांनी 'बंद जागा' म्हटल्याबरोबर मला झरोका दिसला, पांढरी झालेली सुमन दिसली, पंधरा दिवसांचा खोकला ऐकू आला. पण माझ्या डोळ्यांपुढं तो केसपेपर आला. त्यावर काय लिहितील? भैरोबाच्या देवळात आजार लागला, असंच ना? ज्या देवाच्या नावानं मी बावीस वर्षं आरोळ्या ठोकल्या, त्याचं नाव मी असं कागदावर येऊ देऊ? बाईनं उपाशीपोटी सेवा केली आणि देवानं तिला हे दिलं, असं मी कुठल्या तोंडानं सांगू? शिवाय भीती होतीच. देवावर आळ घेतला आणि तो रागावला तर? उरलासुरला धागाही तोडला तर? म्हणून मी देवाची वकिली पत्करली. बायको आत मरत होती आणि मी बाहेर आरोपी लपवत होतो. खरं तर तो आरोपी नव्हताच, पण हे कळायला मला अजून तीन दिवस लागायचे होते. त्या तीन दिवसांत सुमननं मला ओळखायचं सोडलं. ती मला तिच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारायची, आणि मी ओ द्यायचो.

चौथ्या दिवशी सकाळी दवाखान्याच्या आवारातल्या चहाच्या टपरीशेजारी बसलो होतो. चहा हातात गार झाला होता. बाकड्यावर शेजारी एक म्हातारा येऊन बसला. डोक्यावर विणलेली टोपी, बोटं कायमची काळी पडलेली. "कुठलं पावणं?" त्यानं विचारलं. मी गाव सांगितलं. "म्हंजे आपलंच की. मी जुन्नरचा. कलईवाला. आता भांड्यांना कलई कोन करतं, पन हात काळं हायेत तवर धंदा हाय म्हनायचं." त्याची बहीण दवाखान्यात होती. तो आपणहून बोलत राहिला, तिच्या स्वभावाबद्दल, जुन्या तांब्याच्या हंड्यांबद्दल. मग म्हणाला की उरुसाच्या आधी दर्ग्याचा घुमट आतून झाडायचं काम त्याच्याकडं असतं. "लई पारवे. पन म्या पानी मारल्याबिगर झाडू लावत न्हाई. आमचा वस्ताद त्या धुळीनं खोकून खोकून गेला."

मी काही विचारलं नव्हतं. त्यानं हा विषय का काढला, मला माहीत नाही. पण हातातला गार चहा माझ्या धोतरावर सांडला. आणि ज्या गोष्टी मी डॉक्टरांना, सुमनच्या भावाला, कुणालाच सांगितल्या नव्हत्या, त्या सगळ्या त्या अनोळखी माणसाला सांगून मोकळा झालो. शिखर, पोकळी, केरसुणी, खोकला, खोटं. आयुष्यात पहिल्यांदा मी एखादी गोष्ट न रंगवता सांगितली असेन.

त्यानं सगळं ऐकलं. "आन् डाक्टरला सांगितलं न्हाई?"

"देवाची बदनामी झाली असती, चाचा."

तो माझ्याकडं असा बघत राहिला, जसं एखाद्या भोक पडलेल्या पातेल्याकडं बघावं. मग म्हणाला, "का रं भाऊ, तुझ्या देवाला सोयरीक बघताय व्हय, बदनामी व्हायला? पारव्याला काय कळतंय देऊळ कुठलं न् दर्गा कुठला! ऊठ. चल, मी येतो जिन्यापत्तुर." त्यानं खरंच माझं मनगट धरलं आणि मला जिन्यापर्यंत नेलं. त्याच्या हाताची खरखर मला अजून आठवते.

वॉर्डात जाऊन मी डॉक्टरीण बाईंपुढं उभा राहिलो आणि एका दमात सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. क्षणभर डोळे मिटून उभ्या राहिल्या, आणि मग इतक्या झपाट्यानं हालचाल सुरू झाली की मी भिंतीला चिकटलो. सुमनच्या पाठीतून पुन्हा पाणी काढलं. दुपारी त्यांनी मला मोबाइलवर एक फोटो दाखवला. काळ्या शाईत त्या पाण्याचा थेंब मिसळून दुर्बिणीखाली पाहिला होता. सगळीकडं काळंभोर, आणि त्यात गोल गोल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती पांढरं वलय. चंद्राला खळं पडतं ना, तसं. असे कितीतरी चंद्र. दिसायला इतकं सुंदर होतं की मला आधी कळलंच नाही, हे माझ्या बायकोच्या डोक्यात आहे.

"बुरशी आहे, काका. पारव्यांच्या जुन्या विष्ठेत वाढते. श्वासातून जाते. बहुतेकांना काही होत नाही. ज्यांची प्रतिकारशक्ती मोडलेली असते त्यांना होते. पण क्वचित धडधाकट माणसालाही गाठते."

"मग हिलाच का?"

त्यांनी फोटो बंद केला. "ते आम्हालाही सांगता येत नाही." इतक्या शिकलेल्या बाईनं हे इतक्या साधेपणानं सांगितलं, की मला पहिल्यांदा त्यांचा आधार वाटला. अखेर आम्ही दोघंही एकाच दारात उभे होतो.

इथं माझ्या गोष्टीतला चमत्कार संपतो. रोगाचं नाव कळलं म्हणजे रोगी उठून बसला, असं पोथीत होतं. आमच्याकडं पाच आठवडे चालले. एक पिवळं औषध होतं, ते सलाइनमधून सुरू झालं की तासाभरात तिला अशी हुडहुडी भरायची, की खाट खडखडायची. मी अंगावर पडून तिला धरायचो. औषध बुरशीला मारत होतं आणि मूत्रपिंडांनाही. मेंदूभोवतीचा दाब उतरवायला एक दिवसाआड पाठीत सुई. ती ओरडायची नाही, जनावरासारखी कण्हायची. तिसऱ्या आठवड्यात डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "घरच्यांना बोलवून घ्या."

त्या दिवशी मी आवारातल्या गणपतीच्या छोट्या देवळात गेलो नाही. जिन्याच्या पायरीवर बसलो. आधी भैरोबाला शिव्या दिल्या, तोंडाला येतील तेवढ्या. मग शिव्या संपल्या. मग नवस सुचले, तेही संपले. माझ्यासारख्या बोलभांड माणसाकडचे शब्द संपतात, हे मला माहीत नव्हतं. तळाशी काही चांगलं सापडलं, शांती मिळाली, असं मी सांगणार नाही. तळाशी काहीच नव्हतं. फक्त थकवा होता. मी एवढंच म्हणालो, "देवा, तुझी वकिली मी सोडली. माझीसुद्धा सोडली. ती तुझ्यासाठी चढली होती शिडी. आता तूच बघ." आणि तिथंच बसून राहिलो. कौल नाही, फूल नाही, उजव्या अंगाला पाल चुकचुकली नाही. खालच्या मजल्यावर कुणीतरी बादली सरकवत होतं.

ती त्या आठवड्यात गेली नाही. पुढच्याही नाही. एके सकाळी तिनं डोळे उघडले आणि मला माझ्या नात्यानं ओळखलं. "अहो," म्हणाली, "दाढी किती वाढली." वॉर्डातले सगळे वळून बघायला लागले, इतक्या मोठ्यानं म्हणाली. मला वाटलं, अंगात ताकद आली. मी तिच्या उशाशी बसलो आणि तिला सगळं कबूल केलं. मी लपवलं, तीन दिवस घालवले, देवाच्या नावासाठी तुला पणाला लावलं. रडत रडत, हात जोडून, पाऊण तास. ती सगळा वेळ माझ्याकडं बघून मंद हसत होती. माझं बोलणं संपल्यावर मोठ्यानं म्हणाली, "काय म्हनताय? नुसतं तोंड हलतंय तुमचं."

ऐकू येणं गेलं होतं. दोन्ही कानांचं. ते परत आलं नाही. डॉक्टरीण बाई म्हणाल्या की मेंदूवरच्या दाबानं कान गेले, पण जीव आणि नजर वाचली हेच पुष्कळ आहे, आणि ते खरंच आहे. पण त्या दिवशी मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि भिंतीला डोकं लावून उभा राहिलो. माझ्या बोलण्याचा निकाल देणारं एकच माणूस या जगात होतं.

दुसऱ्या दिवशी मी औषधांच्या यादीच्या पाठीमागं कबुलीजबाब लिहून तिच्या हातात दिला. सातवी शिकलेली ती. एकेका शब्दावर बोट ठेवून वाचलं. मग कागदाची घडी घातली, उशीखाली ठेवली आणि भिंतीकडं तोंड केलं. दिवसभर वळली नाही. संध्याकाळी वळली तेव्हा डोळे सुजले होते. म्हणाली, "यात्रेला केरसुनी कोन धरनार?" क्षमा केली की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. मी पुन्हा विचारलेलंही नाही. जे मिळालं तेच खूप आहे.

त्या कलईवाल्या चाचांना शोधायला मी जुन्नरला दोनदा गेलो. पेढे घेऊन. तांब्या-पितळेच्या दुकानांत विचारलं. दोन कलईवाले सापडले, पण दोघांपैकी कुणीच ते चाचा नव्हते. एकजण म्हणाला, "असतील कोणी. आमची माणसं गावोगाव फिरतात." असेलही. मी त्यावर काही म्हणत नाही. पेढे त्यांनाच देऊन आलो.

या यात्रेला केरसुणी मी धरली. गाभाऱ्यावर ताडपत्री बांधली, म्हणजे देवाच्या अंगावर थेंब पडू नये. पाठीवर फवारणीचा पंप घेतला, नाकावर जाड मास्क लावला आणि शिडी चढलो. आधी सगळं भिजवलं, मग काढलं. नंतर द्राक्षबागेवरची जुनी जाळी झरोक्याला ठोकली. खाली कुजबुज चालू होती. "देवापुढं तोंड बांधून चाललाय." यात्रा कमिटीचे अण्णा म्हणाले, "झालं ते झालं. पण माइकवर ह्यातलं काय बोलू नको. पावणं येत्यात. देवाचं नाव खराब व्हतं." मी मान हलवली. होकारार्थी होती की नकारार्थी, हे मलाही ठाऊक नव्हतं.

पालखी उठायच्या आधी मंडप गच्च भरला. सुमन तिच्या नेहमीच्या खांबाला टेकून बसली होती. तिचे केस पातळ झाले होते, लुगडं अंगाला मोठं झालं होतं. मी माइक हातात घेतला आणि एकदाही न रंगवता सगळं सांगितलं. शिखरातली घाण, तिचा आजार, माझं खोटं. म्हणालो, गावोगावच्या देवळांत, घुमटांत, कांदे साठवायच्या बराखींत पारवे आहेत. कोरडं झाडू नका, पाणी मारा, नाक झाका. देवाला आपली वकिली नको आहे. त्याला आपण खरं बोललेलं चालतं. माझ्यासारखा माणूस ढासळला तरी त्याच्या शिखराची वीटसुद्धा हलली नाही. मी त्याला वाचवत होतो, आणि त्यानं मला एका चहाच्या टपरीवर पकडलं. एवढंच मला कळलं, आणि ते फार महागात कळलं.

मी थांबलो. कुणी हललं नाही. अण्णा पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. हलगीवाल्यानं हलगीवरचा हात उचलून घेतला. आता जे होईल ते भैरोबाच्या हातात, असं म्हणून मी माइक खाली ठेवला.

सुमननं या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर नजर फिरवली. कुणीच हसत नव्हतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं, आणि आपण हळूच बोलतोय अशा समजुतीनं, अख्ख्या मंडपाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "काय वो, आज एकबी इनोद जमला न्हाई का?"